पुन्हा चालव

सुनेचं कौतुक सासूच्या तोंडून ऐकलं की लोक आधी सासूची तब्येत विचारतात. विचारू देत. मी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. परक्यांची भांडणं कानांत साठवून घरी आणायची, असा तो धंदा. त्यातून मला एवढं कळलं, की ओरडणाऱ्या माणसाला घाबरायचं कारण नसतं, तो ओरडून मोकळा होतो. गप्प बसणाऱ्याकडे लक्ष ठेवावं. मी ओरडणाऱ्यांतली. आमची सून गप्प बसणाऱ्यांतली. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मला वाटलं होतं, गरीब गाय आहे, चार दिवसांत दावणीला लागेल. गाय वगैरे काही नव्हती. डूख धरणारी जात होती, फक्त तोवर तिच्या शेपटीवर कुणी पाय दिला नव्हता.

घरात आम्ही तिघं. मुलगा बोटीवर इंजिनिअर, वर्षातले निम्मे दिवस पाण्यावर, तेव्हा त्याला या हकिकतीत धरू नका. आमचे हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, गाड्यांच्या नंबरांच्या. छापील फलक आले आणि काम निम्म्यावर आलं, पण ज्यांना हातचं अक्षर हवं असायचं ते ह्यांचा पत्ता विचारत यायचे. स्वभाव असा, की गिऱ्हाइकानं पैसे कमी दिले तरी त्याच्या पोराबाळांची चौकशी करून त्याला जिन्यापर्यंत सोडून यायचे. घरातला राग सगळा माझ्या वाट्याला आला, ह्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

सुनेची कंपनी आपोआप उघडणारी, बंद होणारी सरकती गेटं बनवते. सुनेचं काम ती तपासायचं, आणि तेही आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून. मला आधी वाटलं, ही काय फोटो बघून गेट तपासते की काय! मग तिनं दाखवलं. तिकडे लांब कंपनीची शेड आहे. तिथे एक अख्खं गेट रुळावर उभं केलेलं, समोर कॅमेरा, आणि गेटच्या वाटेत एका स्टँडवर बसवलेला लाकडी हात, कोपरापासून बोटांपर्यंत, वरून रबर गुंडाळलेला. हिच्या लॅपटॉपवर एक पान उघडलेलं असतं. त्या पानावर ही कामं लिहून पाठवते. गेट उघड, बंद कर, वाटेत हात ठेव, थांबतं का बघ. पान ती कामं रांगेत लावतं, शेडमधलं मशीन मोकळं झालं की एकेक उचलतं. गेट धावतं, हाताला टेकलं की थांबून मागे फिरायला हवं. फिरलं तर पानावर हिरवी पट्टी येते, नाही फिरलं तर लाल. दिवसभर हे असंच चालतं, जवळ माणूस नसला तरी. ही इथे बसून रंग बघते, आणि लाल आलं की का आलं ते शोधत बसते.

"म्हणजे आमच्या एक्स्चेंजसारखंच की," मी म्हटलं. "इथे पिन लावायची, तिकडे घंटी वाजायची."

"तसंच, आई. फक्त तिकडे उचलायला कुणी नसतं."

त्यांच्या ऑफिसात एक शब्द होता, लहरी. एखादी चाचणी एकदा हिरवी येते, एकदा लाल येते, आणि मध्ये कुणी कशाला हात लावलेला नसतो, तर ती चाचणी लहरी. मला लगेच आमच्या मोठ्या वन्सं आठवल्या. सकाळी गळ्यात पडायच्या, दुपारी ओळख दाखवायच्या नाहीत. मी हसले, सून हसली नाही. तिला तो शब्दच पटत नसे. म्हणायची, "मशीनला लहर नसते, आई. कारण असतं. आपल्याला सापडलेलं नसतं एवढंच."

हा शब्द ऑफिसात रुळवला तिच्या साहेबानं. त्याला आमच्या घरात हसरा म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं, कारण स्क्रीनवर कधीही बघावं तर ह्याचे दात बाहेर. गेटवर लाकडी हात ठेवायची ती चाचणी मधूनमधून लाल यायला लागली, तेव्हा सुनेनं त्याला फोन लावून सांगितलं. मी शेजारीच मटार सोलत बसले होते आणि फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे ऐकीव नाही.

"अगं, लहरी आहे ती," हसरा म्हणाला. "शेडमधली वायर ढिली झालीय. वायरमनला दाखवलं मी. गेटचा काही दोष नाही. पुन्हा चालव."

"पुन्हा चालवलं की हिरवं येतं, सर. तेच तर म्हणतेय मी."

"मग आलं ना हिरवं! मिटलं. अगं, मुलगा पास झाला की किती वेळा नापास झाला होता ते कोण विचारतं?"

आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदा हसला. पुढे त्यानं तसा नियमच करून टाकला. लाल आलं की पानानं आपलं आपण पुन्हा चालवायचं, हिरवं येईपर्यंत चालवायचं, आणि शेवटचा रंग तेवढा दाखवायचा. सुनेनं वायरचं खरं मानलं. वायरमननं बघितलंय म्हटल्यावर कोण शंका घेईल? मी असते तर घेतली असती, पण मला कोण विचारतं.

त्याच सुमारास आमच्या बिल्डिंगचं जुनं फाटक गंजून बिजागरातून निखळलं. सुनेनं कंपनीतून सवलतीत नवं गेट मिळवून दिलं. सगळी बिल्डिंग खूश. आमचे हे तर विचारूच नका. माझ्या सुनेचं गेट, माझ्या सुनेचं गेट, असं ज्याला त्याला सांगत सुटले. सूचनेची पाटीही त्यांनीच रंगवली. "गेट आपोआप बंद होते. सावकाश." पांढऱ्यावर निळं. सावकाशमधल्या शला असा काही गोलावा दिला की दूधवालासुद्धा थांबून वाचायचा.

तळमजल्यावर एक निवृत्त कॅशिअर राहतात. उभ्या जन्मात त्यांनी एकही नोट प्रकाशात धरल्याशिवाय घेतली नसेल. एका सकाळी हे गेटपाशी उभे होते तर कॅशिअर पिशवी घेऊन आले आणि म्हणाले, "हे आपोआपचं काही खरं नाही. एक दिवस कुणाचा तरी हात चेपणार बघा."

"अहो, माझ्या सुनेनं तपासलंय," हे म्हणाले. "थांबा, दाखवतोच."

ह्यांनी गेटच्या वाटेत उजवा हात धरला. गेट आलं, हाताला टेकलं, थांबलं, मागे गेलं. हे हसले.

"योगायोग असेल," कॅशिअर म्हणाले. "पुन्हा दाखवा बघू."

ह्यांनी पुन्हा हात ठेवला. दुसऱ्यांदा गेट थांबलं नाही.

मी वर कपडे वाळत घालत होते. ह्यांचा आवाज इतक्या वर्षांत मी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्यामुळे किंकाळी कुणाची हे मला चटकन कळलंच नाही. खाली गेले तर वॉचमन आणि कॅशिअर दोघं मिळून गेट मागे ओढत होते.

हाडं जुळली, पण दोन बोटं वाकत नाहीत आणि अंगठ्यात जोर नाही. जेवताना डाव्या हातात चमचा. ब्रश धरला की सुटतो. प्लास्टर काढल्यावर ह्यांनी एकदा जुन्या पत्र्यावर अ काढायला घेतला. मी दारातून बघत होते. अर्ध्यावर ब्रश खाली पडला, तो त्यांनी उचलून टर्पेंटाइनमध्ये धुतला आणि डबा माळ्यावर ठेवून दिला. मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते. ज्यानं हे केलं त्याची बोटं याच गेटात सापडावीत, असं वाटलं, आणि मी समोर उभी राहून बघावं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी हॉस्पिटलात सून ह्यांच्या पलंगाशी उभी होती. हे तिला म्हणाले, "तुझी काही चूक नाही गं. मीच शहाणपणा करायला गेलो."  बाहेर येऊन तिनं शेडमधल्या वायरमनला फोन लावला. वायर नीट बसवली होती का, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "कुठली वायर, ताई? मला कुणी बोलावलंच नव्हतं."

म्हणजे वायर ढिली नव्हतीच. लाल येत होतं ते खरं येत होतं. गेटच मधूनमधून थांबत नव्हतं, आणि ते लाल झाकण्यासाठी हसऱ्यानं एक वायर तोंडानंच ढिली केली होती. फोन ठेवला तेव्हा सुनेचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभी राहून त्या माणसाला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. एक नर्स पायरीवर थांबून ऐकत होती, तिला आवडल्या असाव्यात.

हे घरी आल्यावर हसरा भेटायला आला. सेलोफेनमध्ये गुंडाळलेला फुलांचा गुच्छ, अंगाला अत्तर, आणि दात आहेतच. ह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसला, प्लास्टरकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच हो!" आणि हसला. आमचे हेही हसले, पाहुणा हसतोय म्हणून. मी चहाचं भांडं गॅसवर चढवलं होतं, ते उतरवून मोरीत ओतलं. सुनेनं त्याला दारापर्यंत सोडलं, "येते सोमवारी मीटिंगला" म्हणाली. मला तिचा असा संताप आला! म्हटलं, ही माणूस आहे की ओंडका?

सोमवारच्या मीटिंगमध्ये हसऱ्यानं पंधरा जणांसमोर सांगितलं की चाचणी तिची होती, तिनेच पास केली होती, आणि गेट तिच्याच घरच्यांनी हट्टानं मागून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा. सुनेनं त्याच्या वरच्यांना लिहून कळवलं, वायरचं सगळं सांगितलं. वरून उत्तर आलं की कंपनीची चूक दिसत नाही, वापरणाऱ्यानं मुद्दाम हात घातला, आणि गेटवर इशाऱ्याची पाटी स्पष्ट लावलेली होती. सोबत पाटीचा फोटो. आमच्या ह्यांच्या हातची पाटी. ज्या हातानं ती रंगवली तो मोडला, आणि त्याच पाटीनं कंपनीला वाचवलं. हे वाचून मी ताटली भिंतीवर फेकली. स्टीलची होती, काही झालं नाही, त्यानं अजूनच चडफडले.

"राजीनामा फेक त्याच्या थोबाडावर!" मी म्हटलं.

"नाही, आई."

"का? पगारासाठी?"

"राजीनामा दिला की ते पान माझ्यासाठी बंद होईल. मशीन माझ्या हातातून जाईल." ती लॅपटॉपवरून मान वर न करता बोलत होती. "मला मशीन हातात हवंय."

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, हिनं डूख धरलाय. त्या दिवसापासून मी तिला दुपारचा चहा टेबलावर नेऊन द्यायला लागले. त्याआधी तिचा चहा तीच करून घ्यायची.

आमचे हे मात्र तेच तेच म्हणत राहिले. सोडून द्या. माणूस आहे, चुकतो. राग धरून हात थोडाच बरा होणार आहे. मी सूडाचे नवे नवे बेत सांगायचे आणि हे मान हलवायचे. हसऱ्याच्या दारावर मोठी पाटी ठोकावी, "येथे खोटारडा राहतो", असं मी एकदा म्हटलं, आणि पाटी रंगवणार कोण हे लक्षात येऊन माझं मलाच रडू फुटलं. हे उठून आले, डाव्या हातानं माझी पाठ थोपटली. "सोड गं," म्हणाले. इतका चांगुलपणा पाहून मला त्यांचाही राग यायचा.

दरम्यान गेट तसंच होतं. आमच्या बिल्डिंगचं आम्ही बंद करून ठेवलं, वॉचमन हातानं ओढायचा. पण शेडमध्ये लाल येतच होतं, पान ते गिळून हिरवं दाखवत होतं. आणि आता एका मोठ्या संस्थेच्या सगळ्या शाळांना ही गेटं लावायची बोलणी चालली होती. शाळेची पोरं गेटात काय काय घालतील ते कुणी सांगायला नको. संस्थेच्या मुख्य बाई शेडमध्ये गेट बघायला येणार, असं ठरलं. हसऱ्याला तिथे सून नको होती. तिचं तोंड बघून बाईंनी काही विचारलं तर? म्हणून त्यानं शक्कल काढली. ती घरूनच गेट चालवेल. बाईंना सांगता येईल, बघा, आमची इंजिनिअर घरी बसलीय आणि इथे गेट हलतंय. केवढं आधुनिक!

सून म्हणाली, "चालेल, सर."

त्या सकाळी ती टेबलाशी बसली. मी तिच्या शेजारी. ह्यांना नाटक बघायचं नव्हतं, ते आतल्या खोलीत पलंगावर जाऊन बसले, दार लोटून घेतलं. स्क्रीनवर शेड दिसत होती. गेट, लाकडी हात, चार-पाच माणसं, आणि मध्ये पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या बाई. बाई बोलत कमी होत्या. गेटच्या रुळावर वाकून बोट फिरवून बघत होत्या. मला त्या पहिल्या नजरेतच आवडल्या.

हसरा म्हणाला, "चालव." सुनेनं काम पाठवलं. गेट धावलं, लाकडी हाताला टेकलं, मागे फिरलं. हिरवं. पुन्हा हिरवं.  हे मेलं नेमकं आजच शहाण्यासारखं वागतंय!

"लाकडाला थांबलं," बाई म्हणाल्या. "बरं आहे."

इथे सुनेनं माईक चालू केला. आवाज अगदी मऊ, आमच्याकडे पाहुण्यांना अजून एक घ्या म्हणते तसा. "सर, लाकूड नको. बाईंची खात्री पटायला हवी. तुम्ही स्वतःचा हात ठेवा ना. चाचणी हिरवीच आहे."

 बाईंनी चष्म्यावरून हसऱ्याकडे बघितलं. आता नाही म्हणायची सोय नव्हती, आणि हे त्यालाही कळलं. तो हसला. बाही वर केली, लाकडी हात बाजूला काढायला लावला, आणि आपला उजवा हात वाटेत धरला. वर तोंड करून कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला, "चालव, चालव!" त्याला खात्री होती, ही पोरगी जिवंत माणसाच्या हातावर गेट सोडणार नाही. घाबरून काहीतरी कारण सांगेल.

सुनेचं बोट बटणावर होतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "दाब."

तिनं दाबलं.

गेट निघालं. ते हळू चालत नाही, बघणाऱ्याला तसं वाटतं एवढंच. मी टेबलाची कड धरली. गेट आलं, हसऱ्याच्या मनगटाला टेकलं, थांबलं, आणि मागे गेलं. हिरवं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हसऱ्यानं खाली वाकून नमस्कारच केला. मला वाटलं, संपलं. देव पण त्याच्याच बाजूचा. मी उठायला लागले तर सुनेनं माझा पदर धरून मला खाली बसवलं.

"छान, सर," ती माईकमध्ये म्हणाली. "पुन्हा चालवते."

"अगं, झालं की!"

"एकदाच झालं. आपल्याकडे पुन्हा चालवायची पद्धत आहे ना, सर? हात ठेवा."

त्यानं हात ठेवला. पण आता दात दिसत नव्हते. लाल रंग किती वेळा आलाय हे दोघांनाच माहीत होतं, त्यातली एक आमच्या टेबलाशी बसली होती आणि दुसऱ्याचा हात गेटात होता. सुनेनं बटण दाबलं. गेट निघालं. अर्ध्या वाटेवर आलं असेल नसेल, हसऱ्यानं चटका बसल्यासारखा हात काढला आणि छातीशी धरला. गेट मोकळ्या जागेतून सरकत गेलं आणि खाटकन बंद झालं.

बाई म्हणाल्या, "हात का काढलात?"

"नाही, म्हणजे, तसं काही नाही. उगाच कशाला, एकदा बघितलं ना आपण."

"मगाशी टेकेपर्यंत थांबलात. आता का काढलात?"

तो घाम पुसत होता. सुनेनं विचारलं, "सर, पुन्हा चालवू?" तो गेटजवळही आला नाही. पुढे येईल म्हणून सगळे बघत राहिले, तर हा अजून एक पाऊल मागे.

मग सुनेनं बाईंना सांगितलं. सरळ, न अडखळता. "बाई, माझ्या सासऱ्यांनी माझ्या भरवशावर असाच हात ठेवला होता. पहिल्यांदा गेट थांबलं. दुसऱ्यांदा नाही थांबलं. सरांना हे गेट कधीकधी थांबत नाही हे त्याआधीपासून ठाऊक आहे. मी सांगितलं तर त्यांनी वायरचं खोटं सांगितलं. आता तुम्ही त्यांचा हात बघितलात." बाईंनी एक मिनिट तिच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि निघाल्या. मग कुणीतरी कॉल तोडला.

पुढचं आधी सांगून टाकते. शाळांचं काम रद्द झालं. गेटं सगळीकडून परत मागवून दुरुस्त करायची वेळ कंपनीवर आली. हसऱ्याला काढलं नाही, दुसऱ्या खात्यात ढकललं, तिथे त्याच्या हाताखाली कुणी नाही. मला एवढ्यानं समाधान नाही. त्याला रोज सकाळी डाव्या हातानं चहा प्यावा लागला असता तर समाधान झालं असतं. लोक म्हणतात, सूड घेतला की मन शांत होतं. माझं नाही झालं. मी त्याला अजून शिव्या देते, फक्त आता जरा चवीनं देते.

सुनेची नोकरी त्याच दुपारी गेली. ती टेबलावर जेवायला ताटं मांडत होती, लॅपटॉप तसाच उघडा होता, आणि त्या पानावर आलं, "तुम्हाला येथे प्रवेश नाही." तिनं वाचलं आणि लॅपटॉप मिटून कपाटावर ठेवला.

"गेली?" मी विचारलं.

"गेली."

"बरं झालं. बस, जेव."

हे आतून आले. दार लोटलेलं होतं, पण त्यातून शब्दन्‌शब्द ऐकू जातो, हे मला लग्नापासून माहीत आहे. खुर्चीवर बसले, डाव्या हातात चमचा घेतला, पण जेवायला सुरुवात केली नाही. मला वाटलं, आता कीर्तन सुरू होणार. क्षमा, शांती, माणूस आहे चुकतो.

"मला एक खरं सांग," हे सुनेला म्हणाले. "पहिल्या वेळी त्याचा हात खरंच आत होता. तरी तू बटण दाबलंस. तेव्हा मनात काय होतं?"

सूनबाईनं वाटी खाली ठेवली. ती खोटं बोलेल असं मला वाटलं, मी बोलले असते. "लाल येऊ दे, असं होतं, बाबा," ती म्हणाली.

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि हे दुःख नव्हे, हे मला कळायला जरा वेळ लागला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांचा राग कधी बघितलाच नव्हता, तर ओळखणार कशी?

"आत बसून मीपण तेच म्हणत होतो," ते म्हणाले, आणि चमचा टेबलावर आपटला. "माझ्या वेळी बरोबर चुकलं. त्याच्या वेळी चुकायला त्या मेल्या गेटाला काय झालं होतं?"